सुताराची करंगळी

दादा तिला लहानपणापासून 'फौजदार' म्हणायचा. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचायची, आणि कोणी "सहज आलो होतो" म्हणालं की त्याच्या बुटांवरची धूळ बघायची. पुढे ती हातांवर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट झाली आणि हा स्वभाव कामी आला. माणसं तोंडाने काहीही सांगतात, पण हाताला खोटं बोलता येत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

त्या गुरुवारी आलेल्या, टोपी घातलेल्या, दाढी वाढलेल्या उंच म्हाताऱ्याचा तर तिला पहिल्या पाच मिनिटांतच संशय आला. फॉर्मवर त्याने व्यवसाय लिहिला होता, सुतार. डाव्या कोपरापाशी नस दबलेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. तिने मुठीची ताकद मोजायचं यंत्र त्याच्या हातात दिलं. उजव्या हाताने काटा अडतीसवर नेला, डाव्याने कसाबसा नऊवर. इथपर्यंत ठीक होतं. पण सुताराचे घट्टे तळहातावर असतात. याचे तळहात मऊ होते आणि घट्टे होते डाव्या बोटांच्या टोकांवर. उजव्या हाताची नखं तर वाढवून छान घासलेली.

"हल्ली काय बनवताय, काका?" तिने सहज विचारल्यासारखं केलं.

"खुर्च्या."

"कुठल्या लाकडाच्या?"

तो जरा थांबला. "चांगल्या."

विम्याची भानगड असणार, तिने ताडलं. तरी व्यायाम शिकवले, रात्री कोपर सरळ ठेवायला पट्टा दिला आणि मंगळवारी बोलावलं.

रविवारी दुपारी दादाने तिला एका गाण्याच्या कार्यक्रमाला ओढतच नेलं. तिकीट खरं वहिनीचं होतं, पण "वीस मिनिटं चालणाऱ्या गाण्याला मी गाणं म्हणत नाही," असं सांगून वहिनी माहेरी गेली होती. दादा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि घासता घासता एकाच बँडच्या रेकॉर्डी ऐकायचा. प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक गाणी आणि सारखे बदलणारे ताल. पाच वादक, सगळे साठीच्या पुढचे. दादाने तीस वर्षं त्यांना ऐकलं होतं, पण बघितलं नव्हतं. एवढ्यासाठी त्याने दुकानातली दुर्बीण आणली होती.

चार वाजता पडदा वर गेला. ड्रमरने सुरुवात केली आणि दादाची बोटं गुडघ्यावर मोजायला लागली. "सात, सात, आणि आता पाच. बघ, बघ, पडला का कुठे?" कोणीच पडत नव्हतं. पाच जण पाच दिशांना निघायचे आणि बरोब्बर एका ठिकाणी येऊन धडकायचे. हॉलभर लोक श्वास रोखून बसले होते. मग गिटारवाला उजेडात आला.

तिने दादाच्या हातातली दुर्बीण हिसकावलीच. टोपी नव्हती, दाढी केलेली होती, पण हात तोच. खुर्च्या बनवणारा.

"हा किती वेगात वाजवतो?" तिने विचारलं.

"थांब ना, आता येईल. दोन मिनिटं नुसता पाऊस पडतो सुरांचा."

आणि खरंच सूर कोसळायला लागले. तिने दुर्बीण त्या डाव्या हातावरून हलवली नाही. पहिली दोन बोटं पळत होती. तिसरं नुसतं सोबतीला. करंगळी आकड्यासारखी वाकून हवेतच राहिली होती, एकदाही तारेला लागली नाही. आणि सूर मात्र चौपट येत होते.

म्हणजे क्लिनिकमध्ये नाटक केलं नव्हतं. नाटक इथे चाललं होतं.

"दादा, ही टेप आहे."

"काय?"

"मागून टेप वाजतेय. तो नुसते हात हलवतोय."

दादाने असं बघितलं की जणू तिने त्याच्या आईला शिवी दिली, आणि आई दोघांची एकच होती. "ड्रमर आत्ता चार मात्रा जास्त थांबला. मुद्दाम. बाकीचे त्याच्याबरोबर थांबले. टेप थांबते का असं डोळे मिचकावल्यावर?"

ते पटलं. पण मग सूर येत कुठून होते? तिने दुर्बीण फिरवली. बेसवाला डोळे मिटून उभा. गाणारा पाणी पीत होता. कोपऱ्यात दोन की-बोर्ड एकावर एक मांडून बसलेली बाई मात्र स्वतःच्या हातांकडे बघतच नव्हती. पांढऱ्या केसांचा आखूड बॉब, मान वळवलेली, नजर सरळ गिटारवाल्याच्या बोटांवर. डावा हात खाली ऑर्गन वाजवत होता. उजवा वरच्या की-बोर्डवर होता, आणि त्यातून गिटारचा आवाज निघत होता. तो दोन सूर वाजवायचा, मधले चार ती भरायची. मग त्याचा एक, तिचे पाच. कुठे टाका दिसेल तर शपथ.

तिचा हात दुखायला लागला तरी तिने दुर्बीण खाली ठेवली नाही. ही फसवणूकच होती, लोक टाळ्या त्याला देत होते. पण इतक्या बारकाईने कोणी कोणाची लाज राखताना तिने आजवर पाहिलं नव्हतं. शेजारी दादाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने दिसलेलं स्वतःपाशीच ठेवलं. पेशंटचं बाहेर बोलायचं नसतं, हेही होतंच.

कार्यक्रम संपल्यावर दादा रेकॉर्डचं कव्हर घेऊन बाजूच्या दाराशी रांगेत उभा राहिला. बाहेर अजून ऊन होतं. गिटारवाल्याने सही करता करता मान वर केली, तिला बघितलं आणि त्याचं पेन थांबलं.

दादाच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "तो मधला वेगवान भाग आज तुम्ही दोघांनी मिळून वाजवलात ना?"

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. तो दादाला सोडून तिच्याकडे वळला. "तुम्ही सांगितलंत, डॉक्टर?"

"मी एक अक्षर बोलले नाही," ती म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर आज तिच्यावर रोखली होती, आणि ती सोसवत नव्हती.

"तिला काय कळतंय? ती टेप म्हणत होती," दादा म्हणाला. "तीस वर्षं ऐकतोय मी. तुमच्या सुराला तारेचा चरा असतो, यांचा सूर काचेसारखा. पण काय सांधलंय! आधीपेक्षा मला आजचं आवडलं."

मागे उभ्या असलेल्या की-बोर्डवाल्या बाई हसल्या. "मी याला महिनाभर सांगतेय, लोकांना सांगून टाकू या. हा म्हणतो, कोणाला कळत नाही."

म्हातारा हसला नाही. सही अर्धवट सोडून आत निघून गेला.

दादाने गाडी काढली. मग म्हणाला, "डॉक्टर म्हणाला तुला. म्हणजे तुझ्याकडे येतो."

"समोर बघून चालव."

मंगळवारी तो आला नाही. गुरुवारीही नाही. तिने दोनदा फोन उचलून ठेवला. तिच्या प्रामाणिकपणावर कोणाला शंका येईल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या आठवड्यात एका पोराने "पडलो" म्हणून सांगितलं, तर तिने उलटतपासणी न करता बँडेज बांधलं.

दहा दिवसांनी तो दारात उभा होता. बसला, बाही वर केली. ऑपरेशनची तारीख ठरली होती. मधल्या दोन कार्यक्रमांत त्याने सुरुवातीलाच माईकवरून सांगितलं होतं, माझी दोन बोटं गेलीत, ती या बाईंकडे आहेत.

"लोक काय म्हणाले?"

"सहा जण उठून गेले. मी मोजले." त्याने कोपर टेबलावर ठेवलं. "बाकीचे तिच्याकडे बघायला लागले. मला जरा हेवाच वाटला." मग खाली बघत म्हणाला, "तुमच्यावर उगाच आळ घेतला, डॉक्टर."

"सवय आहे मला," ती म्हणाली. ते काही खरं नव्हतं. "व्यायाम केलेत?"

"रोज."

तिने त्याच्या करंगळीकडे बघितलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे.

"दाखवा करून," ती म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढली.