उभयतां

जलतरण क्लबच्या समारंभाची आमंत्रणं लिहायचं काम यंदा लेकीकडे आलं. तीस वर्षं ती बाबांनी लिहिली होती. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. एकेका प्रशिक्षकाच्या नावापुढे 'सपत्नीक' लिहीत ती मुख्य प्रशिक्षक असलेल्या सरांच्या पाकिटाशी थबकली.

"एकट्याचंच नाव टाक," क्लबचे चिटणीस असलेले काका म्हणाले. "सडाफटिंग माणूस!"

सर सडे नव्हते. वीस वर्षं त्यांच्यासोबत राहणारे चित्रकलेचे मास्तर प्रत्येक स्पर्धेला शेवटच्या पायरीवर, मुलांचे टॉवेल मांडीवर घेऊन बसत. सगळ्यांना ठाऊक, पण अळीमिळी गुपचिळी!

गेल्याच आठवड्यात क्लबच्या मुलांना पदकं मिळाली, तेव्हा फोटो काढताना लेकच मास्तरांना गोड आवाजात म्हणाली होती, "जरा बाजूला व्हाल का? कुटुंबांचा फोटो आहे." मास्तर हसून बाजूला झाले. सर हसले नाहीत. काल सरांचा राजीनामा आला.

"पण खाजगी गोष्टी क्लबात कशाला?" ती पुटपुटली.

पाकिटं चिकटवणारी आई थांबली. "मग मी तीस वर्षं 'सपत्नीक'मध्ये होते, ते काय होतं गं?"

"बाबाही सरांचं एकट्याचंच लिहायचे."

"त्यांचंही चुकलंच."

"वहिनी, लोक काय म्हणतील?" काका म्हणाले.

"भावजी, हे गेले तेव्हा लोक माझ्यापाशी येऊन बसले. उद्या सरांचं काही बरंवाईट झालं, तर कुणाच्या दारी जाल? की क्लबच्या फळ्यावर दोन ओळी लिहून मोकळे व्हाल?"

काका चष्मा पुसत राहिले. लेकीने बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मास्तरांना आपण रडायचा हक्कसुद्धा ठेवला नव्हता!

पाकीट द्यायला ती स्वतः गेली. दार मास्तरांनी उघडलं. बोटांना निळा रंग लागलेला.

"त्या दिवशी माझं चुकलं," ती म्हणाली.

पाकिटावर दोन नावं होती. आत लिहिलं होतं, 'आपण उभयतांनी अगत्य यावे.' मास्तरांनी ते दोनदा वाचलं, मग मागे उभ्या असलेल्या सरांच्या हाती दिलं.

सरांनी विचारलं, "फोटो कोण काढणार?"

"काका."

"म्हणजे सगळ्यांची मुंडकी उडणार! मुलांना सांग, उद्या सहाला पाण्यात."

मंडळी, मैदानावर आपण माणसाचं कसब मागतो आणि त्याचं माणूस मात्र फाटकाबाहेर ठेवतो. त्याला अख्खा आत येऊ द्या. त्याच्याशेजारी जो उभा असेल, त्याच्यासह.