बिनसळईचा खण

मित्रांनो, मी एक जुना सागवानी खण आहे. टेबलाचा नव्हे, ग्रंथालयातल्या कार्डांच्या कपाटाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण या घरात मला दोनदा कांदे ठेवायचा डबा समजण्यात आले आहे.

चंडीगडच्या एका सुताराने आम्हा साठ भावंडांना एकाच मापात घडवले. प्रत्येकाच्या पोटातून एक पितळी सळई आरपार जाई आणि कार्डांच्या भोकांतून ओवली जाई. कोणी कितीही घाईने चाळा, एकही कार्ड जागचे हलत नसे. त्या शिस्तीचा मला फार तोरा होता. नव्वदीच्या अखेरीस ग्रंथालयात संगणक आले आणि आमचे कपाट व्हरांड्यात जाऊन पडले. वर्षभर आमच्यावर कबुतरे बसली.

तिथून मला दिगंबररावांनी उचलले. मूळचे अमरावतीचे, ग्रंथालय ज्या मेडिकल इन्स्टिट्यूटचे तिथे संशोधक. सेक्टर चोवीसच्या क्वार्टरमध्ये शिरताच बायकोला म्हणाले, "रत्ना, हा घे. तुझ्या कादंबरीतली माणसं यात कोंब."

रत्नप्रभाबाईंच्या कादंबरीत चार घरे होती, चाळीस वर्षे होती आणि सगळे एकमेकांचे सोयरे. एका प्रसंगाला एक कार्ड, अशी साडेतीनशे कार्डे माझ्यात आली. खरे सांगतो, पूर्वीच्या औषधांच्या पुस्तकांपेक्षा ही मला जास्त आवडली. पण बाईंना रोज मधेच नवे कार्ड घुसवायचे असे, म्हणून त्यांनी सळई काढली. ती स्वयंपाकघरात गेली आणि सलवारींत नाड्या ओवू लागली.

मग २००१ची दिवाळी आली. साफसफाईत दिगंबररावांनी मला उचलले ते तिरके. साडेतीनशे कार्डे फरशीवर पसरली.

"नंबर नव्हते टाकले?" त्यांनी हळूच विचारले.

"रोज बदलायचे, कुठून टाकणार?" बाई फरशीवरच बसल्या. "आता नाही व्हायचं माझ्याच्यानं. संक्रांतीपर्यंत लागलं तर लागलं, नाहीतर सगळं रद्दीत."

मित्रांनो, रद्दीत म्हणजे मीही. मी घाबरलो.

त्यांची लेक ऋता अकरावीत होती. तिला मराठी समजे, पण ती बोले हिंदीत, आणि देवनागरी तेवढी हिंदीच्या पेपरापुरती. ती म्हणाली, "माँ, इसके लिए सॉफ्टवेअर होते हैं यार. मैं ढूँढती हूँ."

पहिले सापडले ते सिनेमावाल्यांसाठीचे. दुसरे नुसती वंशावळीची झाडे काढत बसे. तिसरे उघडलेच नाही. डिसेंबरात चौथे मिळाले, तीस दिवस फुकट वापरायला. त्यात प्रत्येक पात्राची एक रंगीत रेघ होती आणि रेघेवर प्रसंग. मात्र मराठी टाकली की प्रश्नचिन्हांची रांग उमटे. मग आई कार्ड वाची आणि लेक ते हिंदी करून इंग्रजी अक्षरांत टाकी. मी टेबलाखाली रिकामा पडून जळफळत होतो.

त्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. 'या पात्राला काय हवे आहे?' हा रकाना भरल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नसे. तीन घरांची माणसे भराभर भरली गेली. मग वसुधा आली, चौथ्या घरातली धाकटी जाऊ. पडद्यावर सगळ्यांत लांब रेघ तिचीच होती.

"वसुधा को क्या चाहिए?" ऋताने विचारले.

"तिला? तिला काही नको असतं. ती चहा आणते."

"माँ, इकतालीस कार्ड में चाय ही ला रही है. कुछ तो चाहिए होगा ना?"

बाईंनी हातातले कार्ड खाली ठेवले. मग म्हणाल्या, "तिला स्वतःचा चहा गरम असताना प्यायचा असतो."

ऋता हसली. हसता हसता तिची नजर कीबोर्डशेजारच्या आईच्या कपावर गेली. त्यावर जाड साय धरली होती. ती उठली आणि तिने आत जाऊन चहा टाकला. बाईंनी तो प्यायला, आणि मग रकाना भरला गेला.

तेव्हा माझा तोरा उतरला. मी क्रम सांभाळतो, पण एवढी वर्षे माझ्या पोटातल्या कुणालाही मी काही विचारले नव्हते.

त्या दिवसापासून कादंबरी वसुधाच्या रेघेने चालू लागली. तिसाव्या दिवशी ते सॉफ्टवेअर कुलूपबंद झाले, पण तोवर संक्रांत आली होती आणि कार्डे नंबर टाकून माझ्यात परतली होती. नाड्यांतून सुटून सळईही आली. मी त्या दिवशी किती सुखावलो, ते सांगता येत नाही.

पुढे पुस्तक छापून आले. ऋता नोकरीसाठी बंगळूरला गेली. आता आम्ही चंडीगडशेजारच्या झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि मी चपलांच्या कपाटावर असतो. माझ्यातले शेवटचे कार्ड ऋताचे आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने मराठीत, वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले, 'वसूधाला गरम चहा हवा.' जगभरच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढणाऱ्या बाईंनी तो 'सू' आजवर दुरुस्त केलेला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर अधूनमधून फडके फिरवा, सळई काढलीत तर परत घाला. आणि मला टाकायचीच वेळ आली, तर खुशाल कांदे भरा माझ्यात. फक्त ते शेवटचे कार्ड आधी काढून ऋताला पाठवा.