खाली ठेवलेला कप

उंबऱ्यापुढची दुसरी फरशी हलत होती. तिच्यावर पाय पडला की खट् असा आवाज व्हायचा आणि घरात कळायचं, कुणीतरी आलं. मैसूनच्या वडिलांनी, फख्रींनी, चाळीस वर्षं लोकांच्या घरांत फरशा बसवल्या, नाझरेथपासून हैफापर्यंत, पण स्वतःच्या दारातली तेवढी एक बसवायची राहून गेली. "शुक्रवारी करतो," असं ते दर आठवड्याला म्हणायचे. शेजारची करीमामावशी त्यांना चिडवायची, "अबू मैसून, जगाला सपाट केलंस आणि आमच्या पायाला ठेच."

आता तीन दिवस ती फरशी वाजत होती. पुरुष बाहेर अंगणात भाड्याच्या खुर्च्यांवर बसत, बायका आतल्या खोलीत. मैसून बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली होती आणि आवाज ऐकत होती. रडू येत नव्हतं. दुःखाबद्दल तिने पुष्कळ वाचलं होतं, शाळेत मुलींना शिकवलंही होतं. पण आपण कागदी रुमालांच्या खोक्यावरची गुलाबाची छापील फुलं न्याहाळत बसू, आणि एका फुलाचा रंग रेषेबाहेर गेलाय हेच तेवढं मनात राहील, असं तिला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

तिच्याजवळ एक निरोप होता. तो पोचवायचा राहिला होता.

शनिवारी संध्याकाळी दवाखान्यात बाबांनी तोंडावरची नळी हाताने बाजूला केली आणि म्हणाले, "मनाशेला सांग, मी तीन दिवस वाट पाहिली." ती "बरं" म्हणाली. नर्सने नळी परत बसवली. पहाटे ते गेले आणि दुपारच्या नमाजानंतर मातीही झाली. त्या सकाळी मैसूनने कितीतरी लोकांना फोन केले. बाबांच्या मोबाइलमध्ये मनाशेचं नाव आलं तेव्हा तिने अंगठ्याने ते वर सरकवलं आणि पुढच्या नावाला फोन लावला.

मनाशे अफुलाचा यहुदी. एकतीस वर्षं तो आणि बाबा जोडीने काम करत होते, एकाने माल कालवायचा, दुसऱ्याने फरशी ठोकायची. त्याचे आईवडील बगदादहून आलेले, त्यामुळे त्याची अरबी बगदादी, आणि त्या बोलीवरून बाबा त्याची मनसोक्त टिंगल करायचे. लहानपणी मैसून त्याला मनाशेकाका म्हणायची. गेल्या दीड वर्षात त्यातला काका गळून गेला होता.

झालं होतं असं. नजलाआत्या, बाबांची थोरली बहीण, रस्ते उघडे होते त्या काळात गाझाला दिलेली. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तिचं घर तिच्यावर आणि तिच्या सुनानातवंडांवर कोसळलं. इकडे पुरायला काहीच नव्हतं. तरी बाबांनी अंगणात खुर्च्या मांडल्या, कडू कॉफी ठेवली आणि रिवाजाप्रमाणे तीन दिवस बसले. घरातली एक खुर्ची आणून त्यांनी दाराशी ठेवली होती. तिच्यावर ते कुणाला बसू देत नव्हते. मनाशेचा मुलगा योताम त्या वेळी गणवेश घालून तिकडेच, गाझात होता. मनाशे आला नाही. पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. बाबांनी तो वाजू दिला, वाजायचा थांबल्यावर पालथा घातला, आणि त्यानंतर दोघं कधीच एकत्र कामाला गेले नाहीत.

निरोप का सांगितला नाही, हे मैसूनने स्वतःला नीट विचारलं नव्हतं. राग होताच. बोलावल्यावर येण्यात काय अर्थ, यायचं तर आपणहून यावं, असंही होतं. पण त्याखाली अजून एक होतं. बाबांनी तिला सांगितलेलं हे शेवटचं काम. ते झालं की बाबांचं तिच्याकडे काही काम उरणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर फरशी वाजली आणि अंगणातली बोलणी एकदम थांबली.

करीमामावशीने पडदा बोटभर सरकवला. "अगं बाई. तो आलाय. अफुलावाला."

"एकटाच?"

"एकटाच. हातात कॉफीची पिशवी आहे. केस केवढे पिकलेत मेल्याचे."

मैसून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मनाशेने सगळ्यांशी हात मिळवले आणि दाखवलेल्या जागी बसला. तौफीककाका, बाबांचे धाकटे भाऊ, स्वतः किटली घेऊन आले. त्यांनी कान नसलेल्या छोट्या कपात घोटभर कॉफी ओतून पुढे केली. मनाशेने कप घेतला आणि न पिता समोरच्या तिपाईवर ठेवून दिला. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो बसून राहिला.

कप खाली ठेवणं म्हणजे काय हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं: मला काही मागायचंय, ते मिळेपर्यंत पिणार नाही. आणि पाहुण्याला कॉफी न पिता उठू देणं ही घराची नाचक्की. मुलगी मागायला जातात तेव्हा असं करतात, खुनाचं वैर मिटवायला जातात तेव्हा करतात. मयताच्या घरी कुणी करत नाही.

"म्हातारपणी सोयरीक जुळवायला आलाय की काय?" करीमामावशी पुटपुटली. एक बाई फिसकन हसली आणि तिने तोंडावर ओढणी धरली.

दुसरी म्हणाली, "मुलासाठी आलाय. माफी मागायला." मग कुणी हसलं नाही.

बाहेर तौफीककाका किटली हातात धरून उभेच होते. "मनाशे, घे. निवेल."

"निवू दे."

"मातीच्या घरी कप खाली ठेवत नाहीत."

"माहीत आहे. काय कधी करायचं ते फख्रीनंच शिकवलं मला."

"मग अर्धवट शिकवलं."

"सगळंच अर्धवट करायचा तो," मनाशे म्हणाला. "स्वतःच्या दारातली फरशी बघा की."

कोपऱ्यात कुणीतरी खाकरलं. तौफीककाकांनी किटली खाली ठेवली.

"ऐक," ते म्हणाले. "पोरासाठी आला असशील तर मागू नकोस, आधीच सांगतो. नजला माझीही बहीण होती. पण तिचं रक्त माफ करायचा हक्क माझा नाही. ज्यांचा होता ते तिच्याबरोबरच गेले."

"त्याच्यासाठी नाही आलो. त्याचं त्याला मागायचं तर तो मागेल." मनाशेने वर पाहिलं. "मला एवढंच सांगा. जाताना माझ्याबद्दल काही बोलला का तो?"

तौफीककाकांनी खिडकीकडे पाहिलं. "मैसून. बाहेर ये जरा."

दारात बाबांच्या चपला होत्या. ती त्यांच्या बाजूने बाहेर आली. सगळे पुरुष तिच्याकडे बघत होते. हे सगळं तिला काचेपलीकडचं वाटत होतं.

"नाही," ती म्हणाली. "काही बोलले नाहीत." आवाज अगदी स्वच्छ होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा.

"झालं? ऐकलंस?" तौफीककाका म्हणाले. "घे आता."

मनाशेने कपाला हात लावला नाही. "बापासारखीच आहेस तू, पोरी. गिऱ्हाइकाला 'उद्या काम संपतं' म्हणून सांगायचा तेव्हा तो असाच भिंतीकडे बघायचा."

मैसूनच्या लक्षात आलं, आपण भिंतीकडे बघतोय. तिला आत निघून जाता आलं असतं. काकांनी सांभाळून घेतलं असतं. कप तसाच राहिला असता, गावात आठ दिवस चर्चा झाली असती, आणि निरोप तिच्याजवळ राहिला असता. पण त्या निरोपावर नाव दुसऱ्याचं होतं. तिने मान वळवून मनाशेकडे पाहिलं.

"म्हणाले, 'मनाशेला सांग, मी तीन दिवस वाट पाहिली.' एवढंच."

मग मनाशेने विचारलं, "रागानं म्हणाला?"

"माहीत नाही. नळी बाजूला करून म्हणाले. आवाज फार नव्हता."

"तुला काय वाटलं?"

"मला काहीच वाटलं नाही. मी लक्षात ठेवलं फक्त."

मनाशेने मान हलवली. "पहिल्याच दिवशी आलो होतो. गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापर्यंत. गाडीतच बसून राहिलो. योतामचा काही पत्ता नव्हता त्या दिवसांत. म्हटलं, आत जाऊन सांगू काय? तुमची गेली, माझा सापडत नाही? परत फिरलो."

"सांगायचं काहीच नव्हतं," तौफीककाका म्हणाले. "नुसतं बसायचं होतं. जागा राखून ठेवली होती त्यानं."

"हो," मनाशे म्हणाला.

त्याने कप उचलला आणि थंड झालेली कॉफी तळाच्या गाळासकट पिऊन टाकली. तौफीककाकांनी किटली पुढे केली. त्याने मनगटातून कप हलवला, पुरे म्हणून.

"कुठे होती माझी जागा?" त्याने विचारलं.

मैसूनने दाराजवळ बोट दाखवलं. तिथे आता काही नव्हतं. ती आत गेली, स्वयंपाकघरातली खुर्ची आणली आणि ठेवली. मनाशे उठला आणि तिच्यावर जाऊन बसला. कुणाशी काही बोलला नाही. लोक येत होते, फरशी वाजत होती, येणारा आधी त्याच्याकडे, मग तौफीककाकांकडे पाहत होता. काका नुसती मान हलवत. सूर्यास्ताची, मगरिबची बांग होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.

बांग झाली आणि तीन दिवस संपले. टेम्पो आला. पुरुषांनी भाड्याच्या खुर्च्या एकात एक घालायला घेतल्या, तेव्हा मनाशेही उठून हात लावू लागला. नको म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मैसून दारात उभी होती. योताम कसा आहे, असं विचारायला हवं हे तिला कळत होतं. शेवटी तिने विचारलं.

"घरी आहे," मनाशे म्हणाला. "बोलत नाही. दिवसभर झोपून असतो." तिला काही वाटेल म्हणून ती थांबली. काही वाटलं नाही.

जाताना त्याने फरशीवर पाय ठेवला, दाबून पाहिलं. खट्. "खालचा माल पोकळ झालाय. शुक्रवारी येऊन बसवून देतो."

"बाबाही शुक्रवारच म्हणायचे."

"मी खरंच येईन."

"नको, काका," ती म्हणाली. "राहू दे. वाजली की कळतं."

त्याने फरशीवरून पाय काढला. मग गाडीकडे गेला.

टेम्पोत खुर्च्या चढवून झाल्या. माणूस दाराशी राहिलेली एक उचलायला आला. "ती घरातली आहे," मैसून म्हणाली. अंगण मोकळं झालं. तौफीककाका किटली विसळायला नळाकडे गेले. तिने खुर्ची उचलली आणि आत यायला निघाली. पाय नेमका दुसऱ्या फरशीवर पडला.

आतून करीमामावशीने हाक मारली, "आता आणि कोण आलं गं?"

"कुणी नाही," मैसून म्हणाली. "मीच."