ऊनाला घातलेली म्होरकी

मित्रांनो, गाढवाच्या तोंडावर चढवायची मी एक जुनी, दोरीची म्होरकी. माझी कहाणी सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते.

आयर्लंडमध्ये, लिट्रिमच्या दलदलीकाठी होनोराआजीच्या घरी मी राहते. तिच्या नवऱ्याने मला वळले. गाढवाने जळणाची गाडी ओढायची आणि मी त्याला वळवायचे, एवढेच माझे काम.

पण गालगुंड झालेल्या मुलाला गाढवाची म्होरकी घालून ओढ्यावर न्यावे, तीनदा पाणी पाजावे, की सूज उतरते, अशी आमच्याकडे समजूत. होनोराआजीच्या हाताला गुण आहे, असे सगळे म्हणत. सूज उतरतही असे. लांबून लोक येऊ लागले. गाढवाला दुसरी म्होरकी आली आणि मी चुलीवरच्या खुंटीवर जाऊन बसले. मला गर्व चढला.

एका फेब्रुवारीत गावातल्या सबीनाने आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, ऊनाला, कडेवर आणले. गळा फुगलेला, श्वासाला घाण वास.

"आजी, हिला डॉक्टरकडे नेऊ का? श्वास घेताना घरघरतेय."

"डॉक्टर काय देणार, रंगीत पाणी? तीन दिवसांत कोंबड्यांमागे पळेल बघ."

मला ऊनाच्या डोक्यावर चढवले. ओढ्याचे पाणी तिला गिळवेना. ते नाकावाटे परत आले, मी भिजले. आजी क्षणभर थबकली. मग म्हणाली, "अजून दोनदा."

चौथ्या दिवशी डॉक्टर आला. घटसर्प होता. "आधी का नाही बोलावलंत?" त्याने विचारले. त्याच दिवशी ऊना गेली.

सबीनाने आजीला एका शब्दाने दोष दिला नाही. वाटेत भेटली, की "बऱ्या आहात ना, आजी?" एवढेच विचारायची. तेच आजीला सोसत नसे.

मे महिन्यात डीलिया गाल सुजलेल्या लेकीला घेऊन आली. आजीने मला खुंटीवरून काढले आणि गाढवाला घातले. गाडी जुंपली.

"बस. डॉक्टरकडे जायचंय."

"अहो, पण तुमच्या हाताचा गुण..."

"माझ्या हाताला कसलाही गुण नाही. बस म्हटलं ना!"

डॉक्टरने दारातच मुलीला तपासले. "साधं गालगुंड आहे. काही करू नका. आठवड्यात आपोआप उतरेल."

आपोआप! म्हणजे इतकी वर्षे मी मिरवले, ते यश माझे नव्हतेच.

परतताना आजीने सबीनाच्या दारात गाडी थांबवली. "सबीना, तू विचारलं होतंस," ती म्हणाली. "मीच नको म्हणाले." सबीना उंबऱ्यात उभी होती. मग दारातून बाजूला सरली, आजीला आत येता येईल एवढी.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. लेकराचा श्वास अडला, तर कुणाच्या नावलौकिकाला भुलू नका, आधी डॉक्टर गाठा. आणि मला गाढवाच्याच तोंडावर राहू द्या.