अख्खी पेशी

पेशीभित्तिका

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला ताईनं मनातल्या मनात नाव ठेवलं होतं: हरितराव. गच्चीवर प्लास्टिकचे टब मांडून तो क्लोरेला वाढवायचा. गोड्या पाण्यातलं एका पेशीचं शेवाळ. ताई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिथे हेच शेवाळ गाळणीत अडकून शिव्या खायचं आणि खरवडून गटारात जायचं. हरितराव ते कापडावर वाळवायचा, डब्यात भरायचा आणि वर लेबल चिकटवायचा: 'अख्खी पेशी. न फोडलेली. निसर्गानं दिली तशी.'

"बाकीचे कारखान्यात पेशी फोडतात, ताई. सगळं सत्त्व मारतात. आपण हातच लावत नाही."

"दिसतंय," ताई म्हणाली. "कशालाच लावत नाही."

अक्रोड कवचासकट गिळा म्हणणारा माणूस, आणि वर त्याची जाहिरात करणारा.

हरितलवक

पेशीबद्दल मात्र ताईला आदर होता. पेल्याच्या आकाराचं एकच हरितलवक, पण ऊन पडलं की पाणी आणि हवा घेऊन आपलं अन्न आपण शिजवते. कुणाच्या दारात ताट घेऊन उभी राहत नाही. हरितराव बायकोच्या पगारावर उन्हात बसायचा. त्याचं काहीच शिजत नव्हतं.

केंद्रक

धाकटी टायफॉइडमधून उठली होती, म्हणजे तसं म्हणायचं. अंथरुणातून उठत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, भरपूर खा. हरितराव तिला उठता बसता हिरवं पाणी पाजत होता. तिचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायला लागलं होतं.

"अंडं खा गं," ताई म्हणाली.

"हे म्हणतात, जड पडेल. ह्यात अंड्यापेक्षा जास्त प्रथिनं आहेत ना?"

"आहेत. तिजोरीत दागिनेही असतात. पण त्या पेशीची भिंत तुझ्या पोटाला फुटत नाही. मग आतलं तुला काय मिळणार?"

"तुझं आपलं त्यांच्याशी पहिल्यापासून वाकडंच."

ते खरंच होतं. लग्नापासून ताईनं त्याला इतकं हिणवलं होतं की आता खरं बोललं तरी टोमणाच ऐकू जायचा. बहीण हाडांवर आली होती आणि ताईच्या शब्दाला घरात किंमत उरली नव्हती.

उत्सर्ग

मग ताईनं बोलणं सोडलं आणि एक छोटी बाटली पुढे केली.

"शी, ताई."

"हो, तीच."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप आला. हरितराव आधी वाकला. काचेवर हिरवे गोळे, गच्च, गोल, टवटवीत.

"वा. एकही फुटलेली नाही," तो म्हणाला. "पोटातून जाऊनही अख्खी. ह्याला म्हणतात ताकद. हे लेबलवर टाकायला पाहिजे."

"टाका, जावईबापू," ताई म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. तिनं ते गिळलं.

धाकटीनं डोळा लावला. बराच वेळ काढलाच नाही.

"ह्या सगळ्या माझ्यातून आल्या?"

"हो."

"जशा गेल्या तशा?"

"तशाच."

धाकटी सरळ झाली. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "शेवाळाची तब्येत छान आहे. माझी नाही." मग ताईकडे वळून, "तुझ्याकडे अंडी आहेत?"

"आहेत."

"मग मी येते. बरी होईपर्यंत."

हरितरावाचा डोळा परत काचेवर होता. त्या दोघी दाराबाहेर पडल्या तेव्हा त्यानं विचारलं, "ताई, हे यंत्र आठवडाभर राहू देता का?"

"राहू दे. जवळचं बघायची सवय लागेल."

जिन्याच्या वळणावर धाकटीला धाप लागली. ती पायरीवरच बसली.

"आता त्यांच्याबद्दल काही बोलू नकोस," ती म्हणाली.

ताईकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं. ती शेजारी बसली आणि धाप कमी व्हायची वाट बघत राहिली.