दोघांना एकच कुत्रा चावला

छाणीच्या एका सोसायटीत राहणाऱ्या उदयसिंहराव आणि मंदाकिनीबाई या नवराबायकोला एका सकाळी एकच कुत्रा चावला. दोघं दूध घेऊन येत असताना तो आधी उदयसिंहरावांच्या पोटरीला भिडला. बाई सोडवायला गेल्या, तर त्याने त्यांच्या मनगटात दात रुतवले. शेजारचे लक्ष्मीकांत काठी घेऊन धावले तेव्हा कुठे तो पळाला.

बाईंनी नवऱ्याला बाहेरच्या नळाखाली बसवलं आणि दोघांच्या जखमा साबणाने खूप वेळ धुतल्या.

"अगं, किती धुशील? पँट सगळी भिजली."

"पँटचं जाऊ द्या. रिक्षा बोलवा."

हॉस्पिटलात डॉक्टर मालविका नावाची तरुण मुलगी होती. तिने पहिलं विचारलं, "रेबीजची लस आधी कधी घेतलीय का?"

बाईंनी घेतली होती. काही वर्षांपूर्वी त्यांना मांजर चावलं होतं, तेव्हा सगळे डोस पुरे केले होते. मांजराला काय घाबरतेस, म्हणून उदयसिंहराव हसले होते. आता बाईंच्या दंडात एक सुई गेली आणि तीन दिवसांनी आणखी एक घ्या, असं सांगून त्यांना मोकळं केलं. उदयसिंहरावांना मात्र दंडात लस आणि शिवाय पोटरीच्या जखमेत, जखमेभोवती सीरमच्या सुया. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात जन्म काढलेला माणूस, पण कळवळला.

"हिला एवढंसं आणि मला हे? कुत्रा तर एकच ना!"

"कुत्रा एक, पण शरीरं दोन आहेत काका," मालविका म्हणाली. "लशीत मेलेला विषाणू असतो. तो रोग करू शकत नाही, पण त्याच्याशी कसं लढायचं ते शरीर त्याच्यावर शिकतं, आणि काही पेशी ते लक्षात ठेवतात. काकूंचं शरीर तेव्हाच शिकलंय, त्याला फक्त आठवण करून दिली की झालं. तुमचं आता पहिल्यापासून शिकणार. त्याला आठवडा, दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतला विषाणू थोपवायला सीरममधून तयार प्रतिपिंडं दिलीत. ती फार टिकत नाहीत, म्हणून लशीचा एकही डोस चुकवायचा नाही."

पोटरी आठवडाभरात भरत आली. उदयसिंहरावांना वाटायला लागलं, आता बाकीचे डोस कशाला? तेवढ्यात सोसायटीच्या वॉचमनचा गुजरातीतून फोन आला. "काका, पेलुं कूतरुं हडकायुं हतुं. मरी गयुं."

तो कुत्रा पिसाळलेला होता, आणि मेलाही! ते तडक मालविकाकडे गेले. "उरलेले सगळे डोस आजच देऊन टाक."

"नाही काका. आजचा ठरलेला तेवढा देते. लस स्वतः लढत नाही, तुमचं शरीर लढतं. शिकायला त्याला वेळ द्यावा लागतो."

घरी आल्यावर ते सारखे उठून स्वयंपाकघरात जाऊ लागले. ग्लास भरायचे, त्यातल्या पाण्याकडे बघायचे आणि प्यायचे.

"किती पाणी पिताय?" बाईंनी विचारलं.

"बघतोय, पाण्याची भीती वाटते का ते. रेबीज झाला की वाटते ना."

बाई हसल्या नाहीत. "मांजर चावलं होतं तेव्हा मीही असंच करायचे," त्या म्हणाल्या. "तुम्ही चेष्टा कराल म्हणून बोलले नाही."

 उदयसिंहरावांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग एकदम त्यांना आठवलं, परवा दुकानात लक्ष्मीकांतच्या बोटाला हळद लावलेली दिसली होती. ते तसेच चपला घालून शेजारी गेले.

"ते होय? कुत्र्याला हाकलताना दात घासला, खरचटलंय नुसतं," लक्ष्मीकांत म्हणाले. "आणि आता आठवडा होऊन गेला. काय उपयोग?"

"ते डॉक्टर ठरवेल. तुम्ही हात धुवा साबणाने, मी स्कूटर काढतो."

मालविकाने बोट निरखून पाहिलं. रक्त आलं होतं का, हे विचारलं. थोडं आलं होतं. "उशीर केलात," ती म्हणाली, "पण हा विषाणू नसांमधून हळूहळू मेंदूकडे जातो. लक्षणं दिसायच्या आत शरीर तयार झालं पाहिजे. एकदा लक्षणं दिसली की मग काहीच करता येत नाही."

लक्ष्मीकांतांचा चेहरा उतरला. सीरमची सुई बोटात जाताना त्यांनी डोळे गच्च मिटले. उदयसिंहरावांनी त्यांचा दुसरा हात धरून ठेवला.

"दुखतं," उदयसिंहराव म्हणाले, "पण सोसवतं."

उदयसिंहरावांचे आणि लक्ष्मीकांतांचे सगळे डोस पुरे झाले. दिवाळी गेली, संक्रांतीचं उत्तरायण गेलं, कुणाला काही झालं नाही. उदयसिंहरावांच्या शेवटच्या डोसला मंदाकिनीबाईही गेल्या होत्या. त्यांना काही टोचायचं नव्हतं. "तूही चल ना, एकट्याला कसंतरी वाटतं," असं उदयसिंहराव म्हणाले, म्हणून त्या गेल्या.