पंपाची दोन बुचं

मादाम लाशापेल यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते आलं होतं.

"तुमचं काम नीटच झालं असणार. पण माझा भाऊ म्हणतो, हिवाळ्यासाठी पोहण्याचे तलाव बंद करणारे पंपातलं पाणी काढायची दोन्ही बुचं काढून पंपाच्याच जाळीत ठेवतात, वसंतात हरवू नयेत म्हणून. आमची जाळी रिकामी आहे. बुचं तुमच्याकडे आहेत ना? लेओपोल मे महिन्याची वाट पाहतोय."

लेओपोल त्यांचे पती. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते फक्त पाण्यातच चालू शकतात.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी हा धंदा सुरू केला. स्वतःचा तलाव वीस वर्षं बंद करत आलो होतो; वाटलं, जमेल. पहिलं गिऱ्हाईक लाशापेलच. नळ्यांतलं पाणी हवेने उडवलं, आच्छादन ताणून बांधलं, सगळं आठवत होतं. बुचं आठवत नव्हती. पिशवी उपडी केली, खिसे चाचपले. नव्हती. म्हणजे ती पंपातच, आणि पंपात पाणी; ते गोठलं की पंप फुटणार.

अजून कडक थंडी पडली नव्हती. दहा मिनिटांचं काम. पण त्या दारात उभं राहून 'विसरलो' म्हणायचं? मी पत्र खणात ठेवलं.

"लिहिलंस?" थोरली बहीण ओदिल फोनवर विचारायची.

"शब्द सापडत नाहीयेत, ताई."

"जन्मभर पुस्तकांत बसलास आणि शब्द नाहीत! पाणी तुझ्या मसुद्यासाठी थांबणारेय होय रे?"

नाही थांबलं. पारा उणे अठरावर गेला. घराचं लाकूड कडाडलं की मला पंप फुटल्यासारखं वाटे. त्यांची गल्ली नको म्हणून पावसुद्धा लांबच्या दुकानातून आणू लागलो.

जानेवारीत एका सकाळी लाशापेल पती-पत्नी इस्पितळात गेल्याचं कळलं. फावडं घेऊन चोरासारखा त्यांच्या मागच्या अंगणात शिरलो. बर्फ उपसला. बुचं जागच्या जागी होती. पंपाच्या पोटावरून चीर गेली होती. माझं नख तिच्यात आत गेलं.

घरी येऊन लिहिलं, एकाच बैठकीत:

"बुचं पंपातच राहिली. पंप फुटला आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा तो वाचवता आला असता, मी घाबरलो. एप्रिलमध्ये माझ्या खर्चाने नवा बसवीन. लेओपोल यांचा मे महिना चुकणार नाही. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाहीत तर समजेन."

टपालपेटीचं झाकण गोठलं होतं. मुठीने ठोकून उघडलं आणि पाकीट आत सोडलं.